मायनर लीगमधला फलंदाज: सरासरीच्या पलीकडची प्रगती कशी ओळखावी

२०१३ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या ग्रीनव्हिल शहराच्या बेसबॉल संघाकडून वीस वर्षांचा एक फलंदाज खेळत होता. मोसमाचा पहिला महिना संपत आला तरी त्याची सरासरी ०.२०० च्या बरीच खाली होती; म्हणजे पाच प्रयत्नांत एक यशस्वी फटकासुद्धा त्याच्या नावावर लागत नव्हता. त्याच फलंदाजाने सुमारे चौदा महिन्यांनी, २९ जून २०१४ रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बॉस्टन रेड सॉक्सकडून आपला पहिला सामना खेळला, आणि २०१८ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. त्याचे नाव मुकी बेट्स. एप्रिल २०१३ मधले आकडे पाहून त्याच्याविषयी मत बनवणारा प्रेक्षक साफ चुकला असता, पण त्याचा क्लब चुकला नाही. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर आधी मायनर लीग ही व्यवस्था नेमकी काय आहे ते पाहावे लागते.

अमेरिका आणि कॅनडा मिळून मेजर लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, ३० क्लब आहेत. या प्रत्येक क्लबाच्या हाताखाली, खालून वर अशा चार पातळ्यांवर एकेक संघ असतो: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. २०२१ मध्ये या व्यवस्थेची फेररचना झाली तेव्हापासून असे १२० संघ आहेत. त्याआधी ते १६० होते. शिवाय सर्वांत खाली फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक येथे नवख्या मुलांसाठी प्रशिक्षण-संकुलांमधल्या छोट्या लीग चालतात. गावातल्या संघाचे मैदान, तिकिटे, खाण्याचे स्टॉल आणि जाहिराती बहुतेक ठिकाणी स्थानिक मालक सांभाळतो. खेळाडू, त्यांचे पगार आणि प्रशिक्षक मात्र मेजर लीगमधला क्लब पुरवतो. आपल्याकडे रणजी करंडकात खेळणारा फलंदाज कोणत्याही राज्याचा असला तरी भारतीय संघाच्या निवड समितीची नजर सर्वांवर सारखी असते. इथे तसे नाही. मेन राज्यातल्या पोर्टलँडच्या संघात खेळणारा मुलगा बॉस्टनच्या मालकीचा असतो, त्याची वाट बॉस्टनलाच जाते, आणि त्याने कोणत्या जागी खेळायचे, कोणत्या क्रमांकावर फलंदाजी करायची, कोणता दोष आधी सुधारायचा, हे सगळे बॉस्टन ठरवते. त्यामुळे मायनर लीगमधल्या संघाला सामना जिंकायला आवडत असले तरी त्यासाठी तो चालवला जात नाही. तो खेळाडू घडवण्यासाठी चालवला जातो, आणि ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे पुष्कळसे कोडे सुटते.

बेट्सचा जन्म १९९२ चा, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचा. शाळेत तो बास्केटबॉल उत्तम खेळायचा आणि बोलिंगमध्येही, म्हणजे चेंडू घरंगळत नेऊन पिना पाडण्याच्या खेळातही, त्याचा हात तयार होता. उंची मात्र जेमतेम पाच फूट नऊ इंच, त्यामुळे ताकदीचे फटके मारणारा फलंदाज म्हणून त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नव्हते. दरवर्षी होणाऱ्या ड्राफ्टमध्ये क्लब आळीपाळीने शाळा-महाविद्यालयांतले खेळाडू निवडतात. २०११ च्या ड्राफ्टमध्ये बॉस्टनने त्याला पाचव्या फेरीत, एकूण १७२ व्या क्रमांकावर घेतले आणि टेनेसी विद्यापीठाऐवजी आपल्याकडे यावे म्हणून साडेसात लाख डॉलरचा बोनस दिला. त्या क्रमांकाच्या मानाने ही रक्कम बरीच मोठी होती. त्यामागे एक कारण होते. बॉस्टन त्या काळात होतकरू फलंदाजांची संगणकावर एक चाचणी घेत असे. पडद्यावर चेंडू येताना दिसे. त्याची शिवण एका विशिष्ट प्रकारे फिरत असेल तर कळ दाबायची, वेगळ्या प्रकारे फिरत असेल तर बोट आवरायचे. क्लबाच्या शोधकाने बेट्सला ही चाचणी शाळेतच द्यायला लावली आणि त्यात तो अतिशय उजवा ठरला. दाबण्याइतकेच न दाबणेही या चाचणीत मोजले जात होते, आणि मायनर लीगमधल्या फलंदाजाची सगळी वाटचाल तिथूनच समजून घेता येते.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा पिचर आणि फलंदाज यांच्यात १८.४४ मीटर अंतर असते. चेंडू टप्पा न घेता थेट येतो. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेग असेल तर तो सुमारे ०.४ सेकंदात पोहोचतो, आणि बॅट फिरवायलाच त्यातला बराच वेळ खर्च होत असल्याने मारायचे की सोडायचे हा निर्णय चेंडू अर्ध्या वाटेवर असतानाच घ्यावा लागतो. बॅट गोल असते, तिची जाडी सर्वांत रुंद जागी जेमतेम साडेसहा सेंटिमीटर असते. मैदानावर चार बेस, म्हणजे धाव पूर्ण करायला एकापाठोपाठ गाठायचे थांबे असतात, आणि फलंदाज त्यातल्या घरच्या बेसपाशी उभा असतो. या घरच्या बेसच्या वर, फलंदाजाच्या गुडघ्यापासून साधारण छातीच्या खालपर्यंत एक काल्पनिक चौकट मानलेली असते. तिच्यातून गेलेला चेंडू न मारता सोडला तर तो ‘स्ट्राइक’, आणि बाहेरचा सोडला तर तो ‘बॉल’. बाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवून चुकले तरी स्ट्राइकच. तीन स्ट्राइक झाल्या की फलंदाज बाद, त्याला स्ट्राइकआऊट म्हणतात. चार बॉल झाले की त्याला पहिला बेस फुकट मिळतो, त्याला वॉक म्हणतात. सरासरी काढताना यशस्वी फटक्यांना प्रयत्नांनी भागतात आणि वॉक त्या प्रयत्नांत धरत नाहीत. ०.३०० म्हणजे दहांत तीन, आणि तेवढे सातत्याने जमले तर तो उत्तम फलंदाज.

आता यातली मेख अशी, की पिचरला फलंदाजाची भूक कळते. चौकटीबाहेरचा चेंडूसुद्धा हा मुलगा मारायला जातो असे एकदा लक्षात आले, की त्याला चौकटीतला चेंडू पाहायलाच मिळत नाही. उलट जो बाहेरचे चेंडू निवांत सोडतो त्याच्यासाठी पिचरला शेवटी चौकटीत यावेच लागते, आणि मारण्याजोगा चेंडू तोच असतो. म्हणून होतकरू फलंदाजाच्या आकड्यांत जाणकार माणूस सरासरीपेक्षा आधी वॉक आणि स्ट्राइकआऊट शेजारी शेजारी ठेवून पाहतो. सरासरीत नशिबाचा भाग मोठा असतो. जोरात मारलेला चेंडू सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो, आणि बॅटच्या टोकाला लागलेला एखादा चेंडू दोघांच्या मधे पडून यशस्वी फटका ठरतो. तीन-चार आठवड्यांत हे नशीब समसमान होत नाही. चेंडू निवडण्याची सवय मात्र तेवढ्या काळातही बरीच स्पष्ट दिसू लागते.

२०१२ मध्ये बेट्स मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या संघात खेळला. लोवेलची लीग जूनमध्ये सुरू होऊन सप्टेंबरच्या सुरुवातीला संपायची आणि तिथे बहुतेक ताजे निवडलेले खेळाडू असत. पुढे २०२० नंतर ती लीग बंदच झाली. शाळेत मुले ॲल्युमिनियमच्या बॅटने खेळतात आणि व्यावसायिक खेळात लाकडी बॅट हाती येते. धातूच्या बॅटने थोडा चुकीच्या जागी लागलेला चेंडूसुद्धा दूर जातो, लाकडी बॅट ती माफी देत नाही. बेट्सने लोवेलमध्ये ७१ सामन्यांत ०.२६७ ची सरासरी राखली आणि होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखे थेट कुंपणापार जाणारे फटके, मारले शून्य. वॉक आणि स्ट्राइकआऊट मात्र जवळजवळ सारखे होते, आणि एकोणीस वर्षांच्या मुलासाठी ही फार चांगली खूण होती, कारण त्या वयाची बहुतेक मुले वॉकच्या दुप्पट-तिप्पट वेळा स्ट्राइकआऊट होतात.

ग्रीनव्हिलमधल्या त्या वाईट एप्रिलमध्येही हेच चालू होते. फटके पडत नव्हते, पण बेट्स वॉक मिळवत होता आणि बाहेरच्या चेंडूंच्या नादी लागत नव्हता. त्याचे डोळे शाबूत होते. बिघडले होते ते फटक्याची नेमकी वेळ साधणे. इतके चेंडू सोडायची सवय लागली होती, की मारण्याजोगा चेंडू आला तरी शरीर त्यासाठी तयार नसायचे. प्रशिक्षकांबरोबर काम करताना दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे आपल्या पसंतीचा चेंडू दिसला की बिनधास्त, पूर्ण ताकदीने जायचे. दुसरी म्हणजे पिचरचा हात मागे जाताना पुढचा पाय उचलायचा आणि चेंडू सुटल्यावर तो टेकवायचा. पाय हवेत असतो तेवढ्यात शरीराचे वजन मागच्या पायावर जमा होते, आणि पाय टेकताच ते कमरेतून हातांकडे येते. उंची आणि दंड नसलेल्या मुलाच्या फटक्यात जोर आला तो इथून. मात्र पाय उचलण्याची वेळ थोडी जरी चुकली तर सगळेच बिघडते, म्हणून ही गोष्ट शेकडो वेळा घोटवून घ्यावी लागते, आणि ती घोटवायची जागा म्हणजे मायनर लीग. मोसम संपला तेव्हा ग्रीनव्हिल आणि त्यावरच्या पातळीवरचा व्हर्जिनियातला सेलम संघ मिळून १२७ सामन्यांत बेट्सची सरासरी ०.३१४ होती, होम रन १५ होते, चोरलेले बेस, म्हणजे फटका नसताना धावून गाठलेले बेस, ३८ होते, आणि ज्या आकड्याने मला सर्वांत जास्त चकित केले तो म्हणजे ८१ वॉक आणि अवघे ५७ स्ट्राइकआऊट.

ग्रीनव्हिल सोडण्याआधी त्या मैदानाबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडे ३७ फूट उंचीची प्रसिद्ध हिरवी भिंत आहे. ग्रीनव्हिलच्या मैदानात तिची ३० फुटी प्रतिकृती आहे, आणि पोर्टलँडच्या हॅडलॉक फील्डवर तर पूर्ण ३७ फुटी. बॉस्टनला पोहोचण्याआधीच त्या भिंतीवरून उसळणाऱ्या चेंडूची मुलांना ओळख झालेली असते.

सिंगल-ए ते ट्रिपल-ए या पायऱ्या चढताना चेंडूचा वेग प्रत्येक पायरीवर वाढत जातो असा अनेकांचा समज असतो. तसे फारसे होत नाही. ताशी १५० किलोमीटरने फेकणारी मुले सर्वांत खालच्या पातळीवरही मुबलक असतात. त्यांना तो चेंडू हवा तिथे टाकता येत नाही, एवढेच. खरा बदल डबल-एमध्ये येतो, आणि तो एकाच प्रसंगातून दाखवता येईल. समजा, पिचरचे पहिले दोन्ही चेंडू चौकटीबाहेर गेले आहेत. आणखी दोन बाहेर गेले तर फलंदाजाला बेस फुकट, म्हणून पुढचा चेंडू चौकटीत टाकणे त्याला भाग आहे. सिंगल-एमधल्या पिचरला अशा वेळी फक्त सरळ वेगवान चेंडूवर भरवसा असतो. फलंदाज ते ओळखून त्याच वेगाच्या हिशेबाने तयार राहतो आणि चेंडू मैदानाबाहेर धाडतो. डबल-एमधला पिचर याच क्षणी, त्याच हाताच्या हालचालीने, पंधरा किलोमीटर कमी वेगाचा किंवा शेवटच्या क्षणी खाली वळणारा चेंडू चौकटीत आणून टाकतो. वेगाच्या अंदाजाने आधीच निघालेली बॅट चेंडू पोहोचण्यापूर्वीच फिरून गेलेली असते. जो फलंदाज इथे फसतो पण त्यातून शिकतो तो वर जातो, आणि जो फसतच राहतो त्याची गाडी बहुधा इथेच थांबते. म्हणूनच क्लबातली माणसे डबल-ए हीच खरी परीक्षा मानतात.

बास्केटबॉलचा सम्राट मायकेल जॉर्डन १९९४ मध्ये याच परीक्षेला बसला होता. बास्केटबॉलमधून निवृत्ती जाहीर करून तो ॲलबामातल्या बर्मिंगहॅम बॅरन्स या डबल-ए संघात आला. शाळेनंतर त्याने बेसबॉल खेळलाच नव्हता. सुरुवातीला सलग तेरा सामन्यांत त्याला फटके साधले, वर्तमानपत्रे भरून वाहिली, आणि मग पिचरांनी त्याला वळणारे चेंडू टाकायला सुरुवात केली. मोसमाअखेर १२७ सामन्यांत त्याची सरासरी ०.२०२ होती आणि तो ११४ वेळा स्ट्राइकआऊट झाला होता. पुष्कळ लोक हे अपयश म्हणून सांगतात. मला मात्र वाटते, की जगातल्या सर्वश्रेष्ठ क्रीडापटूंपैकी एकाला खालच्या पायऱ्या वगळून थेट या पायरीवर उभे केले तर काय होते, याचे इतके प्रामाणिक उदाहरण दुसरे नाही. त्याचे शरीर कुठेच कमी नव्हते. कमी होते ते हजारो चेंडू पाहिल्याने डोळ्यांना मिळणारे शिक्षण.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सगळे प्रत्यक्ष पाहणे अगदी सोपे आहे. वेंकटेश्वर मंदिरामुळे भारतीयांच्या परिचयाच्या झालेल्या ब्रिजवॉटरमध्येच सॉमरसेट पेट्रियट्सचे मैदान आहे, आणि २०२१ पासून हा संघ न्यूयॉर्क यांकीजचा डबल-ए संघ आहे. पिचरचे पहिले दोन चेंडू बाहेर गेले, की पुढच्या चेंडूकडे नीट पाहावे.

बेट्स २०१४ च्या वसंतात पोर्टलँडला, म्हणजे डबल-एला आला आणि ५४ सामन्यांत ०.३५५ च्या सरासरीने खेळला. मागच्या मोसमापासून चालत आलेली, साठाहून अधिक सलग सामन्यांत निदान एकदा तरी बेसवर पोहोचण्याची त्याची मालिका याच काळात तुटली. पण त्याच्यापुढे आता एक वेगळीच अडचण होती, आणि मायनर लीगमधल्या कितीतरी गुणी मुलांचे आयुष्य या अडचणीने बदललेले आहे. बेट्स दुसऱ्या बेसवर खेळायचा, म्हणजे त्या बेसजवळ क्षेत्ररक्षण करायचा. बॉस्टनच्या मुख्य संघात त्या जागेवर डस्टिन पेड्रोया होता. २००८ चा सर्वांत मौल्यवान खेळाडू, आणि क्लबाने २०१३ मध्येच त्याच्याशी आठ वर्षांचा करार केलेला. म्हणजे बेट्सने कितीही धावा काढल्या तरी पुढची कित्येक वर्षे त्या जागेवर त्याला वाव नव्हता. तेव्हा क्लबाने त्याला मोसमाच्या मध्यात बाहेरच्या मैदानात खेळायला लावले, उंच उडालेल्या चेंडूचा अंदाज घेणे, भिंतीचे भान ठेवणे, लांबून अचूक फेक करणे हे सगळे नव्याने शिकवले. फलंदाजी उत्तम चालू असताना क्षेत्ररक्षणाची जागा बदलणे हा मोठा भार असतो आणि त्याने कित्येकांची फलंदाजी बिघडते. बेट्सची बिघडली नाही. मेजर लीगमधला पहिला सामना तो उजव्या मैदानात खेळला, दुसऱ्या बेसवर नव्हे.

मधला मुक्काम पॉटकेटचा, म्हणजे तेव्हाच्या ट्रिपल-ए संघाचा. ट्रिपल-ए ही सर्वांत वरची पायरी असली तरी तिथले वातावरण सर्वांत संमिश्र असते. एकीकडे वर जायला टपलेली एकवीस-बावीस वर्षांची मुले, दुसरीकडे मेजर लीगमध्ये पाच-सात वर्षे काढून खाली आलेले तिशीतले पिचर. या जुन्या पिचरांचा वेग गेलेला असतो पण फलंदाजाला वाचण्याची कला शिल्लक असते, आणि तरुण फलंदाजाला त्यांच्याकडून जे शिकायला मिळते ते कोणताही प्रशिक्षक देऊ शकत नाही. इथले आकडे वाचताना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. न्यू मेक्सिकोतले अल्बुकर्की शहर समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि वळणारा चेंडू कमी वळतो. तिथल्या फलंदाजाचे वीस होम रन आणि समुद्रकाठच्या दमट, थंड मैदानावरचे वीस होम रन यांची किंमत सारखी नसते.

ट्रिपल-एमधून वर कधी जायचे, हे फक्त खेळावर ठरत नाही; तिथे यादीचे गणित येते. प्रत्येक क्लबाची चाळीस खेळाडूंची एक मुख्य यादी असते आणि त्यातले २६ जण, २०१४ मध्ये २५ जण, प्रत्यक्ष मेजर लीगच्या संघात असतात. चाळीसच्या यादीत नाव गेल्याशिवाय वर खेळता येत नाही, आणि नव्या नावासाठी कुणाचे तरी नाव काढावे लागते. यादीतल्या तरुण खेळाडूला तीन वेगवेगळ्या मोसमांत खाली पाठवून पुन्हा बोलावण्याची मुभा क्लबाला असते. ती संपली की त्याला खाली पाठवण्याआधी इतर क्लबांना त्याच्यावर हक्क सांगण्याची संधी द्यावी लागते. उलट, शाळेतून आलेल्या मुलाला क्लबाने चार-पाच वर्षांत यादीत घेतलेच नाही, तर दरवर्षी डिसेंबरमध्ये होणाऱ्या ‘रूल फाइव्ह’ ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब त्याला उचलू शकतो, मात्र त्याला पुढचा पूर्ण मोसम मेजर लीगच्या संघात ठेवण्याची अट असते. २०१४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बेट्सची पॉटकेट आणि बॉस्टन यांच्यात ये-जा चालू राहिली. दोन्ही शहरे तासाभराच्या अंतरावर आहेत, पण एकविसाव्या वर्षी दर काही दिवसांनी वर-खाली होणे मनाला किती जड जात असेल याची कल्पना करता येते. तरीही त्या वर्षी मेजर लीगच्या ५२ सामन्यांत त्याने ०.२९१ ची सरासरी राखली.

सगळ्यांचे असे होत नाही, हे सांगायलाच हवे. न्यूयॉर्क यांकीजच्या ॲरन जजचा मार्ग पाहा. सहा फूट सात इंच उंचीचा हा मुलगा २०१३ मध्ये महाविद्यालयातून ३२ व्या क्रमांकावर निवडला गेला. २०१५ मध्ये ट्रेंटनच्या डबल-ए संघातून स्क्रँटनच्या ट्रिपल-ए संघात बढती मिळाल्यावर तिथल्या ६१ सामन्यांत त्याची सरासरी ०.२२४ वर आली. क्लबाने त्याला पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच ठेवले. १३ ऑगस्ट २०१६ रोजी मेजर लीगमध्ये पहिल्याच वेळी त्याने होम रन मारला, आणि त्यानंतर उरलेल्या मोसमात पिचरांनी त्याची पुरती दमछाक केली: ८४ प्रयत्नांत ४२ स्ट्राइकआऊट, सरासरी ०.१७९. इतका उंच माणूस म्हणजे चौकटही तेवढीच उंच, तिच्या खालच्या कडेचा वळणारा चेंडू त्याच्यासाठी फार अवघड. पुढच्या वर्षी त्याच जजने ५२ होम रन मारून नवोदिताचा त्या वेळचा विक्रम केला. २०८ वेळा तो स्ट्राइकआऊटही झाला, पण फलंदाजीला आलेल्या वेळांच्या हिशेबात ते प्रमाण ४४ टक्क्यांवरून सुमारे ३१ टक्क्यांवर उतरले होते, आणि सोबत १२७ वॉक होते. बेट्सचे डोळे आधी तयार होते आणि जोर नंतर आला. जजचा जोर जन्माचा होता आणि डोळे नंतर तयार झाले. दोघांच्या क्लबांनी आपल्या मुलाला नेमके काय कमी आहे ते ओळखून त्यासाठी वेळ दिला, आणि माझ्या मते या व्यवस्थेचे खरे सामर्थ्य त्या वेळ देण्यात आहे.

हा वेळ फुकट मिळत नाही, आणि त्याची किंमत कित्येक वर्षे खेळाडूच मोजत आले. बेट्ससारखा बोनस मिळालेली मुले थोडी. उरलेल्यांना २०२१ च्या आधी सिंगल-एमध्ये आठवड्याला किमान २९० डॉलर मिळत, तेही फक्त मोसम चालू असेपर्यंत. चार-पाच जणांनी एका खोलीत जमिनीवर गाद्या टाकून राहायचे, रात्रभर बसने प्रवास करायचा, हिवाळ्यात मिळेल ते काम करायचे, आणि तरीही दुसऱ्या दिवशी ०.४ सेकंदात अचूक निर्णय घ्यायचा. झोप आणि धड अन्न नसलेल्या मुलाची नजर तीक्ष्ण राहावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे तर होतेच, क्लबाच्या स्वतःच्या हिताच्याही विरुद्ध होते. २०२२ पासून क्लबांवर निवासाची जबाबदारी आली, त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडूंच्या संघटनेत सामील झाले, आणि २०२३ च्या करारानुसार किमान वार्षिक वेतन सिंगल-एला २६,२००, डबल-एला ३०,२५० आणि ट्रिपल-एला ३५,८०० डॉलर असे ठरले. अमेरिकेतल्या राहणीमानात ही रक्कम आजही फार नाही. मेजर लीगमध्ये २०२५ मध्ये किमान वेतन ७,६०,००० डॉलर होते; ट्रिपल-ए आणि मेजर लीग यांच्यातली एक पायरी किती उंच आहे ते यावरून कळेल.

आज हा प्रवास प्रत्यक्ष घडताना पाहायचा असेल, तर भारतीय वाचकांनी अर्जुन निम्मलाकडे लक्ष ठेवावे असे मी आवर्जून सुचवेन. भारतातून फ्लोरिडात स्थायिक झालेल्या आईवडिलांचा हा मुलगा, लहानपणी क्रिकेटही खेळलेला. २०२३ मध्ये टोरंटो ब्लू जेजने त्याला २० व्या क्रमांकावर निवडले तेव्हा तो १७ वर्षांचा होता. २०२४ चा मोसम फ्लोरिडातल्या डनीडन संघात सुरू झाला आणि त्याची अवस्था बेट्सच्या एप्रिलसारखी, किंबहुना त्याहून बिकट झाली, कारण तो स्ट्राइकआऊटही फार होत होता. क्लबाने त्याला काही आठवडे सामन्यांतून बाजूला काढून प्रशिक्षण-संकुलात नेले आणि कोणता चेंडू सोडायचा यावर काम करून घेतले. परतल्यावर त्याने होम रनची रांग लावली. २०२५ मध्ये तो कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या हाय-ए संघात खेळला. सरासरी पुन्हा खालीच राहिली, आणि ती पाहून अनेकांनी निराशा व्यक्त केली. पण व्हँकुव्हरचे मैदान आणि तिथली थंड, दमट हवा फलंदाजांना साथ देणारी नाही, १९ वर्षांचा निम्मला त्या लीगमधल्या बहुतेकांपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान होता, आणि आदल्या वर्षीच्या तुलनेत त्याच्या स्ट्राइकआऊटचे प्रमाण लक्षणीय घटले होते. मला या तीन गोष्टी सरासरीपेक्षा अधिक बोलक्या वाटतात.

व्हँकुव्हरनंतर त्याच्या वाटेवरची पायरी न्यू हॅम्पशायर फिशर कॅट्स या डबल-ए संघाची, म्हणजे वळणाऱ्या चेंडूंची. आणि शाळेतून निवडला गेल्यामुळे २०२७ चा डिसेंबर उजाडण्याआधी टोरंटोला त्याचे नाव चाळीसच्या यादीत घालावे लागेल, नाहीतर उरलेल्या २९ क्लबांपैकी कोणीही त्याला उचलू शकेल.